थुंका, पण डबीत

वस्तूचा भाव उतरला की तिची मागणी वाढते, हा सिद्धान्त मी बी.कॉम.च्या वर्गात तीन वर्षं घोकला. आमचे सर उदाहरण कांद्याचं द्यायचे, आणि अपवाद विचारला की गिफेन नावाच्या कुणा साहेबाच्या वस्तू सांगायचे. गेली पंचवीस वर्षं मी पिशवी घेऊन बाजारात जातो आहे, पण या साहेबाच्या वस्तू ठेवणारा दुकानदार काही मला भेटला नाही. दुसरा एक अपवाद मात्र सापडला आहे आणि तो मी अर्थशास्त्राला विनामूल्य अर्पण करायला तयार आहे. क्षयरोगाची मोफत तपासणी! हिचा भाव शून्य. शून्याच्या खाली भाव उतरत नाही, निदान आमच्या बँकेत तरी नाही. आणि तरीही गिऱ्हाईक फिरकत नाही.

फुकटचं आपल्याला वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. खात्यात अठ्ठ्याऐंशी रुपये शिल्लक असलेले सद्गृहस्थ डिसेंबरअखेर आमच्या काउंटरवरून बँकेची तीन कॅलेंडरं मागून नेतात. एक घरी, एक सासुरवाडीला आणि एक 'असू दे' म्हणून. मेथीच्या जुडीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळाल्या नाहीत, तर आमच्या सौ.ना मुळातच कडू असलेली मेथी आणखी कडू लागते.

बरं, या तपासणीत आपल्याकडून मागतात तरी काय? सोनं नव्हे, नाणं नव्हे, थेंबभर रक्तसुद्धा नव्हे. मागतात ती थुंकी! जी वस्तू आपण जिन्याच्या कोपऱ्यात, बसच्या खिडकीतून, सरकारी कचेरीच्या भिंतीवर, कोणी मागितलेली नसताना मुक्तहस्ते वाटत असतो, ती. भिंती वाचवण्यासाठी तेहतीस कोटींपैकी निवडक देवांना टाइल्सवर चिकटवून जिन्याजिन्यात पहाऱ्यावर बसवावं लागतं. अशा दानशूर माणसापुढे झाकणाची स्वच्छ प्लॅस्टिकची डबी धरून बघा. लगेच घसा कोरडा! "येत नाही हो," म्हणतो.

त्यात पुन्हा नुसती थुंकी चालत नाही. छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. हा शब्द पांढरपेशा घरात उच्चारता येत नाही, ही एक वेगळीच अडचण. आमच्याकडे पाहुण्यांसमोर 'कफ' म्हणतात, आणि तोही आपल्याला नव्हे, शेजाऱ्यांना झालेला असतो.

२०२० साली मात्र असं नव्हतं. तेव्हा कोरोनाच्या तपासणीला खासगी प्रयोगशाळेत सुरुवातीला साडेचार हजारांपर्यंत पैसे पडत आणि लोकांनी ते मोजून नाकात पार मेंदूपर्यंत काडी घालून घेतली. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तर निकालाचा कागद लग्नपत्रिकेसारखा सगळ्यांना पाठवला होता. कोरोना म्हणजे विमानातून आलेला रोग. त्याला एक इभ्रत होती. क्षय बिचारा चाळीतून आलेला. साडेचार हजारांची तपासणी चढाओढीनं आणि फुकटची तपासणी चोरून. सांगा आता, मागणीचा वक्र कुठल्या बाजूला काढायचा?

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे मी सोसायटीचा खजिनदार आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला खजिनदार करायचं, हा सर्व सोसायट्यांचा अलिखित नियम असतो. ७ डिसेंबर २०२४ पासून देशात क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. तिच्यात जोखमीच्या माणसांना लक्षणं असोत-नसोत तपासायचं होतं. साठीपुढचे, मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, पूर्वी क्षय होऊन गेलेले. आमची सोसायटी म्हणजे या यादीची छापील प्रतच. जानेवारीतल्या एका रविवारी आरोग्य खात्याची माणसं हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि डब्यांचं खोकं घेऊन खालच्या हॉलमध्ये आली. सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लिहिली आणि टेबलाशी नावं लिहायला मला बसवलं.

साडेनऊ वाजले, दहा वाजले. माझ्यासमोरच्या वहीत एकच नाव होतं, माझं. आशा सेविका, म्हणजे सगळ्यांच्या आशाताई, म्हणाल्या, "दादा, पहिला कोणीतरी लागतो, म्हणजे बाकीचे येतात." म्हणून मी उभा राहिलो. ते एक्स-रे मशीन कॅमेऱ्यासारखं दिसतं, त्यामुळे मी सवयीनं भांगावरून हात फिरवला. "हसू नका, श्वास धरा," असं तो तंत्रज्ञ म्हणाला. बाकीचे काही आले नाहीत. गॅलऱ्यांतून मात्र सगळे बघत होते.

अखेर सेक्रेटरींनी पोहे आणि चहा जाहीर केला आणि हॉल भरला.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना पोह्यांची दुसरी बशी संपवून माझ्या टेबलाशी आले. नाना सरकारी खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे सरकारवर त्यांचा अजिबात विश्वास नाही. "अरे, या तपासण्या वाढवल्या म्हणून तर रोगी वाढले! पूर्वी कुठे होते एवढे?" असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांची कर्जखाती उघडून तपासली. तोवर आमच्या चोपड्यांत सगळी कर्जं कशी गुटगुटीत होती! तपासणी झाली आणि थकीत कर्जांचा डोंगर दिसायला लागला. आता तो डोंगर तपासनिसांनी आणून टाकला का?" क्षयाचंही तसंच आहे. नोंदलेल्या रोग्यांचा आकडा वाढत वाढत २०२४ मध्ये २६ लाखांवर गेला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं भारतात नव्यानं क्षय होणाऱ्यांचं प्रमाण २०१५ साली लाखामागे २३७ होतं, ते २०२३ मध्ये १९५ झालं. म्हणजे रोग कमी झाला आणि वही जाड झाली. नानांना हे पटलं नाही. त्यांनी उपमा बदलायची सूचना केली आणि तिसरी बशी घेतली.

"मला काही होत नाही," हे वाक्य त्या दिवशी मी सतरा जणांकडून ऐकलं. पण रोगालाही हे वाक्य ठाऊक असतं. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली, तेव्हा छातीचा फोटो काढला नसता तर सापडलेल्या रोग्यांपैकी ४२ टक्क्यांहून जास्त निसटलेच असते. आणि ज्यांना खोकला-ताप अशी लक्षणं होती, त्यांतले ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेलेले नव्हते. 'आज बघू, उद्या बघू' हे आपलं राष्ट्रीय औषध आहे.

सगळ्यांचा संशय वॉचमनवर होता. तो दिवसाला दोन बंडलं विड्या ओढतो आणि रात्री असा खोकतो की चोरांना तो जागा असल्याचं आपोआप कळतं. त्याला जवळजवळ धरूनच आणला. त्याची छाती, बेडका सगळं स्वच्छ निघालं. त्यानं त्या आनंदात एक विडी पेटवली.

आणि मग मावशी चहाची किटली घेऊन हॉलमध्ये आल्या.

मावशी आमच्याकडे आणि आणखी तीन घरांत पोळी-भाजी करतात. पोह्यांचं कंत्राटही त्यांच्याकडेच होतं. कप भरता भरता त्यांना ठसका लागला आणि आशाताईंनी मान वर केली. तबला ऐकणारा जसा एका थापेवर घराणं ओळखतो, तसा या बाईंचा कान खोकल्याला तयार झालेला आहे.

"मावशी, किती दिवस आहे हा?"

"हा होय? हा फोडणीचा. चार घरच्या चार फोडण्या."

"रविवारी चहाला पण फोडणी देता का?"

मावशी हसल्या आणि हसता हसता परत खोकल्या. दोन आठवड्यांवर खोकला असला की तपासायचं, हा नियम. मावशींच्या फोडणीला तीन महिने झाले होते. ब्लाउज सैल झाला होता, पण तो त्यांनी दोन्ही अंगांनी टाके घालून बेतात आणला होता. आशाताईंनी डबी पुढे केली. मावशींनी घेतली नाही. इकडे-तिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "फुकट आहे ते खरं गं पोरी. पण काही निघालं तर माझी चार घरं जातील."

मी वहीत नावं लिहायचा थांबलो. आम्ही कॉमर्सवाले वस्तूच्या भावाबरोबर खर्चही धरायला शिकलेलो असतो. ही तपासणी मला फुकट होती. मावशींना ती चार पगारांना पडत होती.

तसं पाहिलं तर हे मी काउंटरवर रोज पाहत होतो. क्षयाच्या रोग्याला उपचार चालू असेपर्यंत सरकार आहारासाठी पैसे देतं. २०१८ पासून महिना पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आणि ते तीन-तीन हजारांच्या हप्त्यांनी थेट खात्यात जमा होऊ लागले. त्यामुळे खातं उघडायला, आधार जोडायला माणसं आमच्याकडे येतात. त्याच २०२४ साली लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, तेव्हा बायका दारातूनच हाक द्यायच्या, "भाऊ, आले का माझे पंधराशे?" सगळ्या रांगेला त्यांचं खातं पाठ. पण हे दुसरे पैसे विचारणारा माणूस रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देतो. जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटं काउंटरशी येतो. चार घड्या घातलेला कागद काचेखालून आत सरकवतो आणि म्हणतो, "ते... ते आलेत का बघा." सरकारी पैसे घेताना लाजणारा माणूस मी नोकरीच्या आयुष्यात एवढा एकच पाहिला.

आशाताईंनी मावशींशी हुज्जत घातली नाही. त्यांना बाहेर पाण्याच्या टाकीमागे मोकळ्या हवेत घेऊन गेल्या, चूळ भरायला लावली, दीर्घ श्वास घ्यायला लावला. एक डबी तिथे, दुसरी उद्या सकाळी उठल्याबरोबरची. १८८२ साली २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं तो बिचारा सूक्ष्मदर्शकाखालीच शोधत होते. आता गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट नावाचं छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. ते तास-दोन तासांत जंतू आहे की नाही सांगतं, आणि एका मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही हेही सांगतं. आमच्या शाखेतलं पासबुक छापायचं यंत्र एवढ्या वेळात गरमसुद्धा होत नाही.

जंतू होता. औषधाला दाद देणारा होता.

हे मावशींनी स्वतःच आमच्या सौ.ना सांगितलं. ओट्याशी न येता दारातच उभं राहून, तोंडाला पदर लावून. सौ. म्हणाल्या, "आधी गोळ्या सुरू करा. पंधरा दिवस यायचं नाही. पगार कापणार नाही." मला कोणी विचारलं नाही. आमच्या घरी भरपगारी रजा मंजूर करण्याचा अधिकार खजिनदाराकडे नाही.

पण मावशींच्या वस्तीतच वॉचमनची खोली. आशाताई घरच्यांना तपासायला तिकडे गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. विषय : आरोग्यविषयक गंभीर बाब.

पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या सभेला कोरम होत नाही. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. ज्यांनी तीन महिने मावशींच्या हातच्या पोळ्या 'काय मऊ आहेत हो' म्हणत खाल्ल्या होत्या, ते अचानक पोट धरून बसले. एकानं सूचना केली की मावशींना वेगळा कप ठेवावा. जी बाई चार घरांचा स्वयंपाक करते, तिला वेगळा कप! दुसऱ्यानं वेगळी लिफ्ट सुचवली. आमच्या इमारतीला लिफ्ट एकच आहे आणि तीही आठवड्यातून चार दिवस रजेवर असते. सेक्रेटरी म्हणाले, "माझा व्यक्तिशः आक्षेप नाही, पण लोकभावना आहे." लोकभावना म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्या शेजारीच बसल्या होत्या.

सौ.नी आशाताईंना बोलावून घेतलं होतं. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं की हा रोग हवेतून पसरतो, पोळीतून किंवा कपातून नाही. औषध न घेणारा रोगी वर्षाला दहा-पंधरा जणांना लागण देऊ शकतो. गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत तो धोका जवळजवळ संपतो. पण गोळ्या सहा महिने घ्यायच्या.

मी मनातल्या मनात हिशेब केला. वर्षाला एकाचे दहा-पंधरा! कुठल्याही बँकेनं ठेवीवर असला दर दिलेला नाही. मी उभा राहून म्हटलं, "म्हणजे तीन महिने आपल्याला धोका होता तेव्हा आपण खुशाल होतो, आणि आता धोका संपणार तर सभा घेतो आहोत. उद्यापासून या इमारतीत निदान झालेली, औषध चालू असलेली, खात्रीची अशी एकच व्यक्ती असणार, त्या मावशी. बाकी आपल्यापैकी किती जणांनी डबी भरली?" पंखा तेवढा आवाज करत होता.

तेव्हा तळमजल्यावरच्या माई उठल्या. माई निवृत्त शिक्षिका. त्या उठल्या की पन्नाशीचे लोकही खुर्चीत सरळ बसतात. त्या म्हणाल्या, "आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली पुण्यात क्षयानं गेल्या. एकविसाव्या वर्षी. तेव्हा या रोगावर औषधच नव्हतं. पहिलं औषध सापडायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं लागली. आता तपासणी फुकट, औषध फुकट. तरी आपण बाईला हाकलायचं म्हणता? मग तिच्या जागी जी येईल तिचा खोकला तुम्हाला कळणार कसा? ती सांगेल का तुम्हाला?"

याच्यावर कोणी बोललं नाही. चहा झाला आणि सभा विसर्जित झाली. ठराव काही झाला नाही. चांगल्या गोष्टी आमच्या सोसायटीत इतिवृत्ताशिवायच होतात. तीन घरांनी मावशींना ठेवलं. चौथ्या घरानं 'पोळ्या हल्ली जाड होतात' असा शोध नेमका त्याच आठवड्यात लावला. चारही घरांची तपासणी मात्र आशाताईंनी चुकवू दिली नाही, जाड पोळ्यावाल्यांचीसुद्धा. सगळे निर्धोक निघाले.

पंधरा दिवसांची रजा संपवून मावशी लिफ्टनं वर आल्या, हे सगळ्या इमारतीनं पाहिलं. कोण कोण पाहत होतं ते मला नंतर कळलं. सोमवारी रात्री साडेदहाला नाना आमच्या दारात उभे. "ती डबी मिळेल का रे? मला नकोय, एका मित्राला हवीय." मित्राचा सकाळचा नमुना नानांनी डबीत, डबी रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी आकडेवाल्या कुलुपाच्या ब्रीफकेसमध्ये ठेवून दवाखान्यात नेली. तिथे त्यांना तो तीन आकडी नंबर आठवेना. कुलूप उघडायला मेकॅनिक आणावा लागला आणि 'आत काय महत्त्वाचं आहे' या त्याच्या प्रश्नाला नानांनी 'कागदपत्रं' असं उत्तर दिलं. निकाल चांगला आला. नानांनी मित्राचं अभिनंदन केल्याचं मला सांगितलं.

महिन्याभरात अशा अकरा डब्या गेल्या. त्यांतली एक इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याची होती. त्याच्या डबीत जंतू निघाला. पन्नास घरांचे कपडे ज्याच्या हातून जातात, तो माणूस दोन महिने संध्याकाळचा ताप अंगावर काढत होता. पोह्यांच्या रविवारी तो समोरच होता, पण आला नव्हता. आशाताईंनी विचारलं, "मग आत्ताच कसे आलात?" तो म्हणाला, "मावशी अजून वर जातात ना. रोज बघतो मी."

मावशींचा ब्लाउज आता टाक्यांशिवाय बसू लागला होता. एप्रिलमधली गोष्ट. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनवाल्यांची रांग पार दरवाजाबाहेर. मावशी आल्या त्या दारातूनच, लाडक्या बहिणीच्या सुरात ओरडल्या, "दादा, माझे टीबीचे तीन हजार आले का हो?"

रांगेतले चार-पाच जण दोन पावलं मागे सरकले. मी म्हटलं, "आले. या पुढे." त्या पासबुक घेऊन पुढे आल्या. त्यांच्या पाठोपाठ, जेवणाच्या सुट्टीला अजून दीड तास असताना, कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला एक माणूस उठला आणि चार घड्यांचा कागद उलगडत रांगेत उभा राहिला.